थायरॉईड मंदावलाय का? ओळख आणि तपासणीबद्दल नाशिककर नेहमी विचारतात ते प्रश्न

दवाखान्यात येणारे बरेच जण हल्ली रिपोर्ट आधी पुढे करतात आणि तक्रार मागून सांगतात. कुठल्या तरी पॅकेजमध्ये ‘थायरॉईड निघालेला’ असतो, शेजारच्या काकूंनी स्वतःच्या गोळीचं नाव सांगून ठेवलेलं असतं, आणि विचारायचं एकच असतं: सुरू करू का? या पानावर थायरॉईड ग्रंथीचं काम कमी पडतं तेव्हाचे, म्हणजे हायपोथायरॉइडिझमचे प्रश्न घेतले आहेत. ग्रंथी जास्त काम करते तो आजार वेगळा, तो इथे नाही.

थकवा येतो, केस गळतात, वजन वाढतंय. थायरॉईडच असेल ना?

असू शकेल. पण या तीन तक्रारी घेऊन संध्याकाळी रविवार कारंज्यावर उभं राहिलं, तर येणाऱ्या-जाणाऱ्या कितीतरी माणसांकडे त्यातली एक तरी निघेल. थकव्यामागे रक्त कमी असणं, बी१२ कमी असणं, शुगर, अपुरी झोप, रात्रीचं घोरणं, नैराश्य, यातलं काहीही असतं. केस तर बाळंतपणानंतर, डेंग्यू-टायफॉइडनंतर दोन-तीन महिन्यांनी मूठमूठ गळतात आणि आपोआप परत येतात.

वजनाबद्दल जरा स्पष्टच सांगायला हवं. ग्रंथी मंदावल्यामुळे वाढणारं वजन बहुतेकांत दोन-चार किलोच्या आसपास असतं, आणि त्यातही बराच भाग अंगात साठलेल्या पाण्याचा आणि मिठाचा. पंधरा-वीस किलो वाढलं असेल तर ते सगळं थायरॉईडच्या नावावर टाकता येत नाही. गोळी (ग्रंथीचं कमी पडलेलं हार्मोन भरून काढणारी लेव्होथायरॉक्सिन) सुरू झाली की वजन झरझर उतरेल, ही आशाही धरू नये. तिथेच लोक निराश होतात आणि गोळी सोडून देतात.

हे सगळं खरं असलं तरी चाचणी एका नळीभर रक्ताची आहे आणि फार महाग नाही. शंका असेल तर करून मोकळं व्हावं, महिनोन्‌महिने अंदाज बांधत बसू नये.

मग डॉक्टरांना संशय नेमका कशावरून येतो?

एका लक्षणावरून क्वचितच येतो. पूर्वी नसलेल्या चार-पाच गोष्टी गेल्या काही महिन्यांत हळूहळू एकत्र आल्या, की कान टवकारले जातात. इतरांना पंखा हवा असतो तेव्हा हिला शाल लागते. पोट साफ होत नाही. कातडी कोरडी पडते, टाचा आणि कोपरं खरखरीत होतात. आवाज जाड होतो. फोनवर ‘सर्दी झालीये का?’ असं विचारलं जातं. सकाळी चेहरा आणि पापण्या सुजट दिसतात, अंगठी घट्ट होते. पाळी जास्त जाते, लांबते किंवा अनियमित होते. बोलताना नावं आठवत नाहीत, रोजच्या हिशेबाला वेळ लागतो. हाताला मुंग्या येतात, पोटऱ्यांत गोळे येतात. कोलेस्टेरॉल अचानक वाढलेलं सापडतं आणि खाण्यात तर काहीच बदल नसतो.

घरच्यांना हे दिसत नाही, कारण ते रोज बघतात. वर्षभराने माहेरी आलेल्या बहिणीला मात्र पाहताक्षणी कळतं. म्हणून आम्ही दोन वर्षांपूर्वीचा एखादा फोटो मोबाइलवर दाखवायला सांगतो. पुष्कळदा त्या फोटोतच उत्तर असतं: भुवयांचा बाहेरचा भाग तेव्हा भरलेला, आता विरळ.

तपासताना नाडी मंद लागते. मानेवर समोर ग्रंथी मोठी झाली आहे का, ते पाण्याचा घोट गिळायला लावून बघतात, कारण गिळताना ती वर सरकते. आणि एक जुनी, फुकटची परीक्षा आहे. रुग्णाला खुर्चीवर गुडघे टेकवून बसवायचं, पावलं मोकळी मागे लटकू द्यायची आणि टाचेच्या वरच्या शिरेवर छोट्या हातोडीने टिचकी मारायची. पाऊल खाली झटका देतं ते सगळ्यांचंच. ग्रंथी मंद असलेल्याचं पाऊल परत जागेवर यायला रेंगाळतं. एकदा पाहिलेलं विसरत नाही. अर्थात यावर निदान लिहीत नाहीत, रक्त तपासतातच.

डिसेंबर-जानेवारीत नाशकात सगळ्यांनाच थंडी वाजते. त्याचं काय?

निफाडचा पारा घसरला की द्राक्षबागायतदार रात्री शेकोट्या पेटवतात. त्या दिवसांत थंडी वाजणं हे काही लक्षण नाही. तुलना स्वतःच्याच मागच्या हिवाळ्याशी आणि घरातल्या इतरांशी करावी. एप्रिलमध्येही पाय गार पडत असतील तर ती नोंद कामाची. थंडीच्या दिवसांत टीएसएचचा, म्हणजे थायरॉईडच्या मुख्य रक्तचाचणीचा, आकडाही उन्हाळ्यापेक्षा किंचित वर असू शकतो, त्यामुळे सीमेवरचा रिपोर्ट आला असेल तर हेही ध्यानात ठेवायचं.

चाचणी कोणती करायची? लॅबवाले पॅकेजच घ्या म्हणतात.

पहिली चाचणी टीएसएच. ती ठीक आली आणि डॉक्टरांना वेगळी शंका नसेल, तर बहुतेकांना पुढे काही लागत नाही. वाढलेली आली तर त्याच नमुन्यातून फ्री टी४, म्हणजे थायरॉईड ग्रंथी बनवते त्या मुख्य हार्मोनची रक्तातली पातळी. टी३ या दुसऱ्या थायरॉईड हार्मोनची गरज या आजाराच्या निदानात जवळजवळ नसते, कारण ग्रंथी बऱ्यापैकी थकली तरी शरीर टी३ ची पातळी शेवटपर्यंत सावरून धरतं. टी३ नॉर्मल आला म्हणून निर्धास्त झालेले लोक आम्ही पाहिले आहेत. टीएसएच तेव्हा पन्नाशीच्या पुढे होता.

पॅकेज वाईट असतं असं नाही. पण साठ-सत्तर चाचण्या एकदम केल्या की दोन-तीन आकडे रेघेबाहेर जाणारच, आणि मग त्यांच्यामागे धावणं सुरू होतं. चिठ्ठीवर टीएसएच लिहिलं असेल तर टीएसएचच करा.

टीएसएच वाढलाय म्हणजे थायरॉईड वाढलाय ना? मग ‘कमी’ कसा म्हणता?

टीएसएच हे थायरॉईडचं हार्मोन नाही. ते मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून येतं आणि थायरॉईडला काम करायला लावतं. गळ्यातली ग्रंथी टी४ कमी बनवू लागली की पिट्युटरी वरून तगादा वाढवते. टीएसएच वर, म्हणजे ग्रंथी मागे पडते आहे. हा तगादाही सरळ प्रमाणात वाढत नाही: टी४ थोडासा घसरला तरी टीएसएच कैक पटींनी उसळतो. म्हणूनच बिघाड सर्वात आधी त्यात दिसतो आणि पहिली चाचणी म्हणून तीच निवडतात.

रक्त उपाशीपोटी द्यायचं का? सकाळीच का?

उपाशी असण्याची सक्ती नाही, पण सकाळी, काही न खाता दिलेलं उत्तम. टीएसएच दिवसभर सारखा नसतो. रात्री उशिरा आणि पहाटे तो वर असतो, दुपारी खाली उतरतो. एक रिपोर्ट सकाळी सातचा आणि दुसरा जेवणानंतर दुपारी तीनचा असेल, तर ‘गोळीने फरक पडला’ असं वाटेल आणि पडलेला नसेल. दर वेळी साधारण त्याच वेळेला, शक्यतो त्याच लॅबमध्ये जा.

सातपूर-अंबडच्या कारखान्यांत रात्रपाळी करणाऱ्यांना खास सांगणं: पाळी संपवून, न झोपता, थेट लॅबमध्ये जाऊ नका. जागरणाने टीएसएच वर राहतो. दिवसपाळीच्या आठवड्यात, नीट झोप झाल्यावर रक्त द्या.

गोळी चालू असेल तर त्या दिवशी रक्त दिल्यावर घ्या. गोळी घेऊन गेलात तर काही तास फ्री टी४ फुगलेला दिसतो.

केसांसाठी बायोटिन घेतोय. सांगायची गरज आहे?

आहे, आणि हे बहुतेक जण सांगत नाहीत, कारण ते औषध वाटतच नाही. केस-नखांच्या गोळ्यांत बायोटिन भरपूर असतं, आणि काही यंत्रांच्या चाचणीपद्धतीत ते मधेच लुडबुड करतं. टीएसएच खोटा कमी आणि टी४ खोटा जास्त येतो. मंदावलेली ग्रंथी ठणठणीत दिसू शकते. चाचणीआधी निदान दोन दिवस बंद ठेवा. डोस मोठा असेल तर जास्त दिवस, डॉक्टरांना विचारून. स्टेरॉइड, लिथियम, हृदयाच्या ठोक्यांसाठी दिलं जाणारं अमिओडारोन, यांची नावंही सांगा. शेवटची दोन तर ग्रंथीच मंद करू शकतात.

टीएसएच ६.८ आलाय. लॅबने तांबड्या अक्षरात छापलंय. गोळी सुरू करू?

थांबा. सर्वात जास्त घाई याच ठिकाणी होते, म्हणून जरा सविस्तर.

प्रौढांसाठी बहुतेक लॅब ०.४ ते ४.५ च्या आसपासची मर्यादा छापतात. कुणाची ४ ला संपते, कुणाची ५ च्या पुढे जाते; यंत्र आणि किट वेगळं की मर्यादाही वेगळी. ६.८ हा आकडा तिच्या वर आहे हे खरं, पण नुसता आकडा वाचून पुढचं ठरत नाही. आधी फ्री टी४ बघायचा. तो कमी असेल तर ग्रंथी खरोखर मागे पडली आहे आणि उपचार लागतात. तो नॉर्मल असेल तर त्याला सबक्लिनिकल, म्हणजे अजून पुरता न उमटलेला प्रकार म्हणतात.

अशा वेळी आकडा दहाच्या आत असेल तर पहिलं काम दोन-तीन महिन्यांनी चाचणी पुन्हा करणं. पुष्कळांचा टीएसएच दुसऱ्या वेळी आपसूक खाली आलेला असतो. मधल्या काळात कसला तरी ताप येऊन गेलेला असतो, झोप झालेली नसते, किंवा त्या दिवशी उगाच वर असतो. मोठ्या आजारातून उठताना टीएसएच काही आठवडे चढतो आणि मग आपल्या जागी येतो. म्हणून इस्पितळात दाखल असताना, थायरॉईडचीच शंका नसेल तर, ही चाचणी करू नये. एका सीमेवरच्या रिपोर्टवर रोजची गोळी सुरू करणं मला पटत नाही.

दुसऱ्यांदाही वर आला तर माणूस बघून ठरतं. वय कमी, तक्रारी जुळणाऱ्या, रक्तात थायरॉईडविरुद्धच्या अँटीबॉडी सापडलेल्या (त्याबद्दल पुढच्या प्रश्नात), मानेला गाठ किंवा मूल हवंय, तर गोळीकडे कल. वय सत्तरीचं, तक्रार काही नाही, तर नुसतं लक्ष ठेवणं. ६५ च्या पुढच्या, सबक्लिनिकल प्रकार असलेल्या लोकांवर युरोपात झालेल्या आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत गोळी घेणाऱ्यांच्या तक्रारी न घेणाऱ्यांपेक्षा काही कमी झाल्या नाहीत. टीएसएच १० च्या वर कायम राहिला तर मात्र बहुतेक डॉक्टर उपचार सुरू करतात.

अँटी-टीपीओ ही चाचणी कशासाठी?

आपल्याकडे मोठ्या माणसांत ग्रंथी मंदावण्याचं सर्वात नेहमीचं कारण म्हणजे शरीराच्या रोगप्रतिकारक यंत्रणेने स्वतःच्याच थायरॉईडवर केलेला हल्ला. हाकारू हाशिमोतो या जपानी शल्यचिकित्सकाने १९१२ मध्ये त्याचं वर्णन केलं, म्हणून हाशिमोतो थायरॉइडायटिस. अँटी-टीपीओ चाचणीत त्या हल्ल्याच्या खुणा सापडतात. सीमेवरच्या रुग्णाची ग्रंथी पुढे थकण्याची शक्यता किती, याचा अंदाज त्यावरून येतो. एकदा पॉझिटिव्ह आली की दर सहा महिन्यांनी परत करण्यात अर्थ नाही. अँटीबॉडीचा आकडा खाली आणणं हे उपचाराचं ध्येय नसतं.

टीएसएच नॉर्मल आहे, तरी सगळी लक्षणं आहेत. असं होतं का?

बहुतेक वेळा कारण दुसरीकडे असतं. हिमोग्लोबिन, बी१२, शुगर, झोप, मन, या क्रमाने शोधावं. ‘रिपोर्ट नॉर्मल’ म्हणजे ‘तुम्हाला काही झालेलं नाही’ असा अर्थ नाही, आणि थकव्याची तक्रार खोटी ठरत नाही.

पण एक अपवाद विसरून चालत नाही. तगादा लावणारी पिट्युटरीच आजारी असेल, तर टी४ कमी असूनही टीएसएच नॉर्मल किंवा कमी दिसतो. बाळंतपणात खूप रक्तस्राव झाला, नंतर अंगावर दूधच आलं नाही, पाळी परत सुरू झाली नाही, आणि तेव्हापासून बाई खचत गेली, अशी हकिगत असेल तर ती दहा वर्षांपूर्वीची असली तरी डॉक्टरांना सांगा. अशा वेळी फ्री टी४ सोबत पिट्युटरीची इतर हार्मोन्सही तपासावी लागतात. मेंदूची शस्त्रक्रिया, डोक्याला मोठी इजा, सतत डोकेदुखी आणि नजर बाजूने कमी होणं, यांतही तेच.

काही त्रास नसताना कुणी तपासून घ्यावं?

आई, बहीण, मावशी यांना हा आजार असेल त्यांनी. अंगावर कोड, टाइप १ मधुमेह किंवा सीलिॲक (गव्हामुळे आतडं बिघडण्याचा) आजार असलेल्यांनी. डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांची दर वर्षी. थायरॉईडची शस्त्रक्रिया, रेडिओआयोडिन (किरणोत्सारी आयोडीनचा उपचार) किंवा मानेवर किरणोपचार झालेल्यांनी. मूल राहत नाही किंवा गर्भपात होतात अशा जोडप्यातल्या पत्नीने. कोलेस्टेरॉल वाढलेल्यांनी, त्याची गोळी सुरू करण्याआधी.

हा आजार दुर्मीळ नाही. मुंबई, अहमदाबाद, गोवा धरून आठ ठिकाणी झालेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सुमारे ११ टक्के प्रौढांत तो आढळला. बायकांत पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त. म्हणूनच पुरुषांचा राहून जातो: ‘बायकांचा आजार’ म्हणून नवरा बायकोच्या गोळ्या आणायला मेडिकलमध्ये जातो आणि स्वतःचा जाड झालेला आवाज त्याच्या लक्षात येत नाही.

गरोदरपणात ही चाचणी का लगेच करायला सांगतात?

पहिल्या तिमाहीत बाळाची स्वतःची ग्रंथी कामाला लागलेली नसते. साधारण बाराव्या आठवड्यापासून ती हार्मोन बनवू लागते आणि पुरेसं बनवायला आणखी काही आठवडे जातात. तोवर बाळाच्या मेंदूची वाढ आईच्या टी४ वर चालते. तिचं कमी पडलं तर गर्भपात, रक्तदाब, अपुऱ्या दिवसांची प्रसूती यांचा धोका वाढतो. म्हणून पाळी चुकल्याचं कळल्यावर पहिल्याच भेटीत रक्त दिलेलं बरं. तिसऱ्या महिन्यात नाव नोंदवायला गेल्यावर बघू, असं करू नका.

गरोदरपणाच्या मर्यादा वेगळ्या. पहिल्या तिमाहीत टीएसएच एरवीपेक्षा खाली असतो, त्यामुळे लॅबने छापलेली सर्वसाधारण मर्यादा इथे लावायची नाही. लॅबची गरोदरपणासाठीची वेगळी मर्यादा नसेल तर सुमारे ४ ही वरची हद्द धरतात; अँटीबॉडी असतील तर काही डॉक्टर २.५ च्या पुढेच विचार सुरू करतात.

आधीपासून गोळी चालू आहे आणि दिवस राहिले, तर गोळी बंद करायची नाही. हे ठळक लिहायला हवं, कारण ‘गरोदरपणात कुठलीच औषधं नकोत’ असं सासूबाई किंवा शेजारीण प्रेमापोटी सांगतात आणि सून गोळी ठेवून देते. उलट डोस बहुधा पाव ते एक तृतीयांशाने वाढवावा लागतो. कळल्याच्या दिवशीच डॉक्टरांना फोन करा, पुढच्या तारखेची वाट बघू नका. नंतर साधारण दर चार आठवड्यांनी तपासणी, निदान मध्यापर्यंत. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या याच काळात सुरू होतात आणि त्या थायरॉईडच्या गोळीला शोषू देत नाहीत. मध्ये चार तासांचं अंतर हवं.

बाळंतपणानंतर वर्षभरात ग्रंथीला सूज येऊन आधी धडधड आणि मग मंदपणा, असाही प्रकार होतो. बाळ रात्री जागवतं म्हणून थकवा येतो असं सगळे म्हणतात. बहुतेकदा ते खरंच असतं. पण सहा महिने झाले, बाळ झोपायला लागलं आणि आई अजून ओढत-ओढत चालते आहे, तर टीएसएच करा.

नवजात बाळाच्या टाचेतून रक्त घेतात ते याचसाठी?

त्यातल्या एका कारणासाठी. काही बाळं ग्रंथीशिवाय किंवा अर्धवट ग्रंथी घेऊन जन्मतात. भारतात याचं प्रमाण साधारण हजारात एक आहे. जन्मतः ती बहुधा छान दिसतात, कारण आईचं हार्मोन अजून अंगात असतं. कावीळ लांबते, बाळ फार झोपतं, दूध ओढत नाही, शी घट्ट होते, रडणं घोगरं येतं, बेंबी वर येते. पण ही लक्षणं दिसेपर्यंत मेंदूच्या वाढीचे मोलाचे आठवडे निघून जातात. पहिल्या दोन आठवड्यांत गोळी सुरू झाली तर मूल इतर मुलांसारखं वाढतं.

जन्मल्याबरोबर टीएसएच सगळ्याच बाळांचा उसळतो, म्हणून टाचेचं रक्त ४८ तासांनंतर घेतात. दुसऱ्याच दिवशी घरी सोडत असतील तर ‘टाचेची चाचणी झाली का, कधी होणार?’ हे विचारूनच निघा. सगळ्या इस्पितळांत ती आपोआप होते असं नाही. गोळी बारीक करून आईच्या दुधाच्या थेंबांत चमच्याने देतात; बाटलीभर दुधात घालू नये, बाळाने दूध ठेवलं की डोसही राहतो.

शाळेतल्या मुलांत कसं ओळखायचं?

उंचीवरून. दरवर्षी जूनमध्ये गणवेश नवा घ्यावा लागायचा, यंदा मागच्या वर्षीचाच व्यवस्थित बसतोय, ही खूण लक्षात घ्या. मूल गुटगुटीत दिसतं पण वाढत नाही, वर्गात सुस्त, अभ्यासात मागे पडलेलं, वयात यायला उशीर. दारामागे पेन्सिलने उंचीच्या रेघा मारायची सवय असेल तर ती वही-रिपोर्टइतकीच उपयोगी आहे.

सासूबाई ७८ वर्षांच्या आहेत. विसरतात, झोपून असतात. वयच ना?

वय असेल, पण तपासल्याशिवाय म्हणू नये. म्हातारपणात ही लक्षणं फार शांतपणे येतात. दुसऱ्या बाजूने, वयाबरोबर टीएसएचची वरची हद्दही सरकते. या वयात ६-७ चा आकडा आजार नसूनही दिसतो. गोळी लागलीच तर अगदी कमी मात्रेने, १२.५ किंवा २५ मायक्रोग्रॅमने सुरू करून हळू वाढवतात, हृदयविकार असेल तर आणखी जपून. डोस जास्त झाला तर छातीत धडधड आणि हाडं ठिसूळ होणं, दोन्ही पदरात पडतं.

कोबी, फ्लॉवर, बाजरी, नागली बंद करायची का? मीठ कोणतं?

काही बंद करू नका. कोबी-फ्लॉवर शिजवून, नेहमीच्या प्रमाणात खाल्ला तर त्रास नाही. बाजरीची भाकरी रोज-दोन्ही-वेळ हेच मुख्य अन्न आणि जोडीला आयोडीन कमी, अशा ठिकाणी बाजरीचा दोष दिसतो. हिवाळ्यात तीळ लावून चार भाकऱ्या खाणाऱ्याने घाबरायचं कारण नाही. पेठ-सुरगाण्याकडची नागली खुशाल खा.

मीठ आयोडीनयुक्त घ्या. १७ मे २००६ पासून आयोडीन नसलेलं मीठ थेट खाण्यासाठी विकायला देशात बंदी आहे, तरी सैंधव आणि खडेमीठ ‘नैसर्गिक’ म्हणून रोजच्या वापरात शिरलं आहे. त्यात आयोडीन बहुधा नसतं किंवा नगण्य असतं. नवरात्रात नऊ दिवस सैंधव खाल्लं म्हणून काही होत नाही. वर्षभर, त्यातून गरोदर बाईने, तेच खाल्लं तर होतं. मिठाचा डबा गॅसशेजारी उघडा ठेवू नका. आणि उलट टोकही नको: ग्रंथी मंद आहे म्हणून आयोडीनचे थेंब किंवा समुद्रशेवाळाच्या कॅप्सूल घेतल्या तर हाशिमोतोच्या रुग्णाचं बिघडू शकतं.

सोनोग्राफी लागते का?

गाठ हाताला लागली, मान एका बाजूने फुगली किंवा गिळायला अडतंय, तर हो. नुसता टीएसएच वाढला म्हणून नाही.

गोळी सुरू झाली. परत कधी तपासायचं?

सहा ते आठ आठवड्यांनी. लेव्होथायरॉक्सिन रक्तात निम्मं व्हायला सुमारे आठवडा लागतो, त्यामुळे नवा तोल बसायला वेळ जातो. पंधरा दिवसांत चाचणी करून डोस बदलला की आकडा कधीच स्थिर होत नाही. एकदा जमलं की सहा महिन्यांनी, मग वर्षातून एकदा.

गोळी उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर, आणि चहा निदान अर्ध्या तासाने. हा अर्धा तास हीच मोठी अडचण, हे माहीत आहे. उठल्या-उठल्या चहा हवाच असणाऱ्यांनी रात्री झोपताना, जेवणानंतर तीन तासांनी घेतली तरी चालते. फक्त रोज तीच वेळ पाळावी. उपवासाला गोळी चालते. मालेगावचे रुग्ण रमजानमध्ये विचारतात: सहरीच्या अर्धा तास आधी, किंवा इफ्तारीनंतर उशिरा पोट रिकामं झाल्यावर. बाटली स्वयंपाकघरातल्या खिडकीत नको, ऊन आणि दमटपणाने गोळी कमजोर होते. एका कंपनीच्या गोळीवरून दुसरीच्या गोळीवर, म्हणजे थायरोनॉर्मवरून एल्ट्रॉक्सिनवर किंवा उलट, गेलात तर सहा आठवड्यांनी टीएसएच बघा; कंपनी बदलली की शोषण थोडं बदलतं.

आयुष्यभर घ्यावी लागेल?

हाशिमोतो असेल, ग्रंथी काढली असेल किंवा टीएसएच फार वर गेला होता, तर बहुधा हो. बाळंतपणानंतरची सूज किंवा औषधामुळे आलेला मंदपणा पुष्कळदा निवळतो. सीमेवरच्या एका रिपोर्टवर कधीतरी सुरू झालेली गोळी असेल तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली बंद करून बघता येते. स्वतःहून नको.

तातडीने दवाखान्यात कधी न्यायचं?

आधीपासून थायरॉईड असलेला, गोळी सोडलेला म्हातारा माणूस, थंडीचे दिवस, न्यूमोनिया किंवा लघवीचा संसर्ग, आणि तो गुंगीत जातोय, अंग गार लागतंय, श्वास आणि नाडी मंद आहे: सकाळची वाट पाहू नका. हा प्रकार विरळा, पण जीवघेणा. घरी जास्तीच्या गोळ्या चारू नका, अतिदक्षता विभाग असलेल्या इस्पितळात न्या.

नाशिकमध्ये तपासणी कुठे करावी?

खासगी लॅब गंगापूर रोडपासून नाशिकरोडपर्यंत गल्लोगल्ली आहेत. घरी येऊन रक्त नेणारे असतील तर नमुना किती वाजता घेतला ते रिपोर्टवर छापून मागा. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी-उपचार मोफत आहेत. त्यात जिल्हा रुग्णालय, उपजिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयं येतात. कळवण, पेठ, त्र्यंबककडून येणाऱ्यांनी आधी आपल्या जवळच्या ग्रामीण रुग्णालयात विचारावं, बऱ्याचदा नमुना तिथूनच पाठवता येतो आणि शहराचा हेलपाटा वाचतो. डॉक्टरांकडे येताना जुने सगळे रिपोर्ट तारखेच्या क्रमाने लावून आणा, गोळीची बाटलीही सोबत. ‘ती पांढरी छोटी’ एवढ्यावरून डोस कळत नाही.